विद्यार्थ्यांच्या धार्मिक आचरणासाठी परीक्षा आणि हजेरीत सोय कशी करावी?

प्रश्न — पदव्युत्तर विभागातील अध्यापिका

नमस्कार. मी संख्याशास्त्र शिकवते. यंदा विभागाच्या अंतर्गत परीक्षांचे वेळापत्रक लावण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि त्यासोबत एक जुनी टोचणीही आली आहे.

मागे एकदा रमजानच्या महिन्यात आमचा एक पेपर दुपारी चार ते सात या वेळेत होता. आदल्या दिवशी एक विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी आला. हातातल्या वेळापत्रकाची घडी उलगडून त्याने तारखेपुढे पेन्सिलीने लिहिलेला आकडा मला दाखवला : ६.३४. “मॅडम, उद्या सूर्यास्त या वेळी आहे. मला दोन मिनिटे बाहेर जाऊन पाणी पिऊन येता येईल का?” शेवटच्या अर्ध्या तासात कोणालाही वर्गाबाहेर सोडायचे नाही असा आमचा नियम आहे, आणि मी तोच त्याला ऐकवला. “ठीक आहे, मॅडम,” म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी त्या वर्गावर पर्यवेक्षक मीच होते. सहा वाजून चौतीस मिनिटांनी त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिले, पेन खाली ठेवले, क्षणभर डोळे मिटले आणि पुन्हा लिहायला लागला. त्याची पाण्याची बाटली दाराबाहेर दप्तरांच्या रांगेत होती. ती बाटली त्याच्या बाकावर ठेवू देणे पर्यवेक्षक म्हणून माझ्या अधिकारात होते, आणि हे मला घरी गेल्यावर सुचले.

यंदा तीन विनंत्या आल्या आहेत. एका विद्यार्थिनीच्या पंथात शनिवार हा विश्रामदिन असल्याने ती शनिवारचा पेपर लिहू शकत नाही. एका विद्यार्थ्याचे शुक्रवारचे प्रात्यक्षिक दुपारच्या सामुदायिक नमाजाच्या वेळेत येते. तिसरा विद्यार्थी बहाई आहे. त्याच्या धर्मात ज्या पवित्र दिवशी काम थांबवायचे असते, नेमक्या त्याच दिवशी आमची तोंडी परीक्षा आहे. बहाई धर्माविषयी मला फारसे ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच मी थोडी गोंधळले. विनंती खरी आहे की नाही हे शिक्षकाने कसे ठरवायचे, आणि मुळात ते त्याने ठरवावे का? एकाला वेगळी तारीख दिली तर बाकीच्यांवर अन्याय होतो का? आणि हे सारे त्या त्या शिक्षकाच्या मर्जीवर सोडायचे, की विभागाने एकदाच लेखी नियम करायचा? ज्यांनी अशी व्यवस्था प्रत्यक्षात लावली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ — परीक्षा विभागातून निवृत्त झालेला कर्मचारी

मॅडम, आपण ‘मर्जी’ हा शब्द वापरलात, आणि सगळी अडचण तिथेच आहे. माझ्या नोकरीत मी अशा अर्जांचा गठ्ठा दर सत्राला पाहिला. एकाच महाविद्यालयात, एकाच दिवसासाठी, एकाच कारणाने केलेल्या दोन अर्जांपैकी एक मंजूर आणि एक नामंजूर झालेला मी पाहिला आहे, कारण दोघांचे शिक्षक वेगळे होते. नियम नसला की भिडस्त विद्यार्थी विचारतच नाही आणि धीट विद्यार्थ्याचे काम होते. त्यामुळे आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो : लेखी नियम करा, आणि तो सत्र सुरू होण्यापूर्वी अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात छापा. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये नेमका असाच कायदा केला. विद्यार्थ्याने अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत लेखी कळवायचे, संस्थेने वाजवी सोय करायची, आणि हे धोरण अभ्यासक्रमाच्या माहितीतच दिलेले असले पाहिजे. या दोन आठवड्यांच्या मुदतीने दोन्ही बाजूंचे भले होते, कारण शिक्षकाला तयारीला वेळ मिळतो आणि विद्यार्थ्याला पेपरच्या आदल्या दिवशी दाराशी उभे राहावे लागत नाही.

वेळेवर कळवण्याचे महत्त्व युरोपातील एका जुन्या निकालातून चांगले समजते. युरोपीय समुदायांच्या परिषदेने अनुवादक पदासाठी १६ मे १९७५ रोजी लेखी परीक्षा ठेवली होती. त्या दिवशी ज्यू धर्मीयांचा शाव्हुओत हा सण होता. एका ज्यू महिला उमेदवाराने दुसरी तारीख मागितली, पण इतर उमेदवारांना तारीख कळवून झाल्यावर. १९७६ मध्ये न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. मात्र त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की, उमेदवाराने वेळेत कळवले असेल तर परीक्षा घेणाऱ्याने ते विचारात घेतले पाहिजे, आणि धार्मिक कारणाने गैरसोयीच्या ठरणाऱ्या तारखांची माहिती त्याने आधीच करून घेऊन त्या शक्यतो टाळणे इष्ट आहे. दावा हरलेल्या बाजूच्या पदरात इतके टाकणारे निकाल थोडेच असतात. आपल्या वेळापत्रकासाठी या निकालाचा उत्तरार्ध जास्त उपयोगाचा आहे : तारीख ठरवण्यापूर्वी पंचांग पाहा.

आणि पंचांग पाहताना एकच पंचांग पाहून भागत नाही. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल. ज्यू पंचांगात १९ वर्षांत सात अधिक महिने घालतात, त्यामुळे त्यांचे सण पुढेमागे होतात खरे, पण ऋतू सोडत नाहीत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती यांचा ईस्टर कधी एकाच दिवशी येतो, जसा २० एप्रिल २०२५ रोजी आला, तर कधी त्यात पाच आठवड्यांचे अंतर पडते. तेव्हा ‘गेल्या वर्षी तर या तारखेला काही नव्हते’ हे वाक्य परीक्षा विभागाने विसरलेलेच बरे.

आमच्या अर्जात तारखेसाठी एकच चौकट होती, आणि तिने बराच घोळ घातला. ज्यू, इस्लामी आणि बहाई गणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. विद्यार्थ्याने १२ तारीख लिहिली, तर त्याचे आचरण ११ तारखेच्या संध्याकाळीच सुरू झालेले असते, आणि आम्ही मात्र ११ तारखेच्या संध्याकाळी त्याचा पेपर ठेवून मोकळे होत असू. शिवाय सूर्यास्त म्हणजे काही ठरलेले सात वाजणे नव्हे. लंडनमध्ये डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये नऊनंतर. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात शुक्रवारी दुपारी चारचे प्रात्यक्षिक ज्यू विद्यार्थ्यासाठी शब्बाथमध्ये, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या त्यांच्या साप्ताहिक विश्रामदिनात, येते, पण तेच प्रात्यक्षिक उन्हाळ्यात येत नाही. ईदची तारीख काही ठिकाणी चंद्रदर्शनावर अवलंबून असल्याने आदल्या संध्याकाळपर्यंत पक्की होत नाही. म्हणून नंतर आम्ही अर्जात ‘कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत’ असे लिहायला सांगू लागलो आणि दुसऱ्या संभाव्य दिवसासाठी जागा ठेवली. त्या एका बदलाने निम्मे वाद संपले.

शुक्रवारच्या प्रात्यक्षिकाबद्दल मला फारसे सांगायचे नाही. विद्यार्थ्याची तुकडी बदलून द्या. बहुतेक वेळा एवढेच पुरते.

उत्तर २ — विज्ञान शाखेतील प्राध्यापक

मला या चर्चेत थोडा विरोधी सूर लावावा लागतो आहे, आणि तो कोणत्याही धर्माविषयीच्या आकसातून नाही. उच्च शिक्षण देणाऱ्या संस्थेने कोणाचा धर्म कोणता हे विचारूच नये, सर्वांना एकच वेळापत्रक द्यावे, असे मी आजवर मानत आलो. नास्तिक विद्यार्थ्याला आजीच्या वर्षश्राद्धाला घरी जायचे असेल तर त्याला आपण काय सांगतो? घरी लहान मूल असलेल्या विद्यार्थिनीची अडचण कमी खरी आहे का? धर्माच्या नावाने आलेली विनंती तेवढी वरच्या पायरीवर ठेवायची, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, सोय कुठे थांबते हे कोणी स्पष्ट सांगत नाही. आज तारीख बदलून मागितली, उद्या कोणी उत्क्रांतीचा धडा माझ्या श्रद्धेत बसत नाही म्हणून वगळून मागेल. प्रयोगशाळेत सैल वस्त्र, मोकळा धातूचा अलंकार किंवा मास्क नीट बसू न देणारी दाढी हा श्रद्धेचा विषय असला, तरी आम्ल आणि ज्वाला यांना तो कळत नाही. आणि तिसरे, एका विद्यार्थ्यासाठी दुसरी प्रश्नपत्रिका काढायची म्हटले की तिची काठिण्यपातळी पहिल्या प्रश्नपत्रिकेइतकी ठेवणे हे किती जिकिरीचे काम आहे, हे मॅडमना वेगळे सांगायला नको.

उत्तर ३ — संशोधक, पूर्वीची विद्यार्थिनी

मी सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबात वाढले. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत आम्ही काम आणि अभ्यास दोन्ही बंद ठेवतो. वरच्या सरांच्या मुद्द्यांना उत्तर देण्याआधी, ‘दुसऱ्या वेळी पेपर’ म्हणजे प्रत्यक्षात काय असते ते सांगते, कारण ते बाहेरून दिसत नाही.

पदवीच्या तिसऱ्या वर्षी आमचा एक पेपर शनिवारी सकाळी दहाला होता. मला तो सूर्यास्तानंतर लिहू देण्याचे ठरले, पण प्रश्न फुटू नयेत म्हणून सकाळी साडेनऊपासून मला एका रिकाम्या खोलीत बसवण्यात आले. फोन जमा, सोबत एक पर्यवेक्षक, खिडकीला पडदा. बाराच्या सुमारास मैत्रिणी पेपर संपवून जिन्यावरून उतरत होत्या, त्यांचे बोलणे कानावर पडू नये म्हणून पर्यवेक्षक मावशींनी उठून दार लावून घेतले. मी बायबल वाचले, प्रार्थना केली, दुपारी बाकावर डोके टेकून जरा झोपले. संध्याकाळी पावणेसातला प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा मी सव्वानऊ तास त्या खोलीत होते. पुढच्या आठवड्यात वर्गात कोणीतरी म्हणाले, “तुला काय, अख्खा दिवस जास्त मिळाला अभ्यासाला.” त्या मुलीचा राग मला समजतो, तिला ठाऊकच नव्हते. खरी गोष्ट अशी होती की मी शुक्रवारी संध्याकाळी सहापासून एकही वही उघडली नव्हती, आणि बाकी सगळ्या वर्गाने शुक्रवारची रात्र जागून उजळणी केली होती. तरीही मी त्या महाविद्यालयाची ऋणी आहे.

त्याच्या आदल्या वर्षीचा अनुभव वेगळा होता. तिथे एका शिक्षकांनी मला वर्गासमोर उभे करून माझा पंथ काय मानतो हे समजावून सांगायला लावले, आणि शेवटी ‘चार चाचण्यांपैकी सर्वोत्तम तीन धरतोच की आपण, तुझी ती चौथी सुटली असे समज’ म्हणून विषय मिटवला. हा तोडगा अनेक जण सुचवतात आणि तो वरवर उदार वाटतो, म्हणून त्याविषयी जरा थांबून लिहिते. ती चौथी चाचणी आजारपणासाठी, एखाद्या वाईट दिवसासाठी, चुकलेल्या तयारीसाठी प्रत्येकाच्या हाताशी ठेवलेली असते. माझी ती सत्राच्या सुरुवातीलाच खर्च झाली. पुढे मला ताप आला त्या दिवशीची चाचणी मला द्यावीच लागली, कारण माझ्याकडे सोडण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हा मॅडम, चाचणी माफ करू नका; तिच्या बदल्यात तेवढ्याच तोलाची दुसरी चाचणी घ्या.

आता सरांच्या मुद्द्याकडे येते. ‘सवलत’ आणि ‘सोय’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि मग रागावतो. सवलत म्हणजे काहीतरी कमी करून मिळणे, कमी गुणांत पास करणे, कमी हजेरीवर भागवणे. मी ती कधीच मागितली नाही. मला तोच अभ्यासक्रम हवा होता, तेवढेच प्रश्न, तेवढाच वेळ आणि तेवढीच कडक तपासणी हवी होती. बदलून हवा होता तो फक्त दिवस. उत्क्रांतीचा धडा वगळून मागणारा विद्यार्थी सवलत मागतो आहे. त्याला आपण धडा समजून घ्यायला आणि परीक्षेत त्याचे उत्तर लिहायला सांगू शकतो. तो धडा त्याने मनाने मान्य करावा अशी सक्ती कोणताही परीक्षक करत नाही. या दोन मागण्या एका पारड्यात घालू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ४ — विधी शाखेतील अध्यापक

ताईंनी जो भेद सांगितला तोच वेगवेगळ्या देशांतील न्यायालये आपापल्या शब्दांत सांगत आली आहेत, म्हणून थोडी भर घालतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये, शनिवारी काम न करू शकणाऱ्या एका दुकान-कर्मचारी महिलेच्या प्रकरणात असे ठरवले की, भेदभाव करण्याचा हेतू नसतानाही सर्वांना सारखा लावलेला नियम एखाद्यावर त्याच्या धर्मामुळे जाचक ठरू शकतो, आणि तसे असेल तर मालकाने स्वतःवर अवाजवी बोजा न पडेल इथपर्यंत सोय केली पाहिजे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातील अप्रत्यक्ष भेदभावाची कल्पनाही याच वळणाची आहे, आणि ती विद्यापीठांनाही लागू होते. सर म्हणतात तसे ‘सर्वांना एकच वेळापत्रक’ हे तटस्थ दिसते, पण बहुतेक ठिकाणी ते वेळापत्रक कोणत्या तरी एका समाजाच्या साप्ताहिक सुटीभोवती आणि सणांभोवती आधीच बेतलेले असते. ज्यांचा विश्रामदिन रविवार आहे त्यांना रविवारी पेपर नको म्हणून अर्ज करावा लागत नाही, इतकाच काय तो फरक.

उच्च शिक्षणाशी थेट संबंध असलेला अलीकडचा निकाल दक्षिण कोरियातील आहे. विधी महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या एका अ‍ॅडव्हेंटिस्ट उमेदवाराची मुलाखत शनिवारी सकाळी ठेवली होती. वेळ बदलून देण्याची त्याची विनंती विद्यापीठाने नाकारली, तो मुलाखतीला जाऊ शकला नाही आणि त्याचा प्रवेश हुकला. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मुलाखतीची वेळ पुढे ढकलल्याने इतरांचे जे नुकसान होणार होते त्याच्याशी त्या एका माणसाचे नुकसान तोलून पाहायचे, ही त्यामागची दृष्टी मला योग्य वाटते.

सुरक्षेबाबत सरांशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र ‘नाही’ म्हणण्याआधी एक पाऊल पुढे जाऊन पाहावे. दाढी राखणाऱ्या शीख दंतवैद्यांसाठी आणि डॉक्टरांसाठी दाढीवरून घट्ट पट्टी बांधून श्वसन-मास्क बसवण्याची एक पद्धत वापरात आली आहे. ‘सिंग ठाठा’ या नावाने ती ओळखली जाते, आणि मास्क नीट बसतो की नाही याची चाचणी घेऊनच ती वापरतात. चेहरा झाकणाऱ्या विद्यार्थिनीची परीक्षेपूर्वीची ओळखपडताळणी महिला कर्मचाऱ्याने आडोशाला केली की ओळखही पटते आणि मानही राहतो. जिथे असा मार्ग खरोखरच नाही तिथे सुरक्षेचा नियम पाळावा लागेल, आणि ते विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळीच सांगितले पाहिजे, दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर नव्हे.

पुराव्याविषयी माझे मत कडक आहे. पंथाच्या प्रमुखाचे पत्र मागू नका. एकाच धर्मातले दोन लोक वेगवेगळ्या प्रमाणात आचरण करतात, आणि धर्मगुरूचे पत्र मागितले की कोणाची श्रद्धा ‘अधिकृत’ हे संस्था ठरवू लागते. विद्यार्थ्याचे लेखी निवेदन पुरे. खोटे बोलून तारीख बदलून घेणाऱ्याला शेवटी तेवढाच अवघड पेपर द्यायचा आहे, त्यात त्याने मिळवले काय? आजीच्या वर्षश्राद्धाचा मुद्दा मात्र मला मनापासून पटतो. नियमाला ‘धार्मिक आचरण आणि तितक्याच गंभीर कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असे नाव द्यावे. श्रद्धा नसलेल्या विद्यार्थ्याचेही दार त्याने उघडे राहते.

पुन्हा प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल विभागाची बैठक झाली. तिच्यात ताईंचा ‘सवलत’ आणि ‘सोय’ यांतला भेद मी जसाच्या तसा वाचून दाखवला, आणि मसुद्यात जिथे जिथे ‘सवलत’ होते तिथे ‘पर्यायी सोय’ केले.

अर्ज सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत विभागाच्या कार्यालयात द्यायचा, शिक्षकाकडे नाही. म्हणजे कोणाला वर्गासमोर काही सांगावे लागणार नाही. अर्जात दिवसाऐवजी ‘कधीपासून कधीपर्यंत’ असे लिहायचे आहे. पत्र किंवा दाखला मागायचा नाही. प्रत्येक विषयाचा दुसरा प्रश्नसंच मुख्य संचासोबतच काढायचा, म्हणजे दोन्हींची काठिण्यपातळी एकाच बैठकीत पाहता येईल. आजारी विद्यार्थ्यांनाही तोच संच चालेल, त्यामुळे प्राध्यापक सरांना वाटते तेवढे काम वाढत नाही असे आमच्या लक्षात आले. शनिवारचा पेपर सरळ बुधवारी हलवला, कारण बुधवारी कोणाचीच हरकत निघाली नाही. एका विद्यार्थिनीला दिवसभर खोलीत बसवण्यापेक्षा ते किती सोपे होते हे पाहून आम्हीच चकित झालो. बहाई विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा दोन दिवस आधी होईल.

एक गोष्ट सुटलेली नाही. गटाने करायच्या सादरीकरणाची तारीख बदलली की गटातल्या बाकी चौघांचेही वेळापत्रक हलते, आणि त्यांपैकी दोघे नोकरी सांभाळून शिकतात. यावर कोणाकडे अनुभवाचे काही असल्यास जरूर लिहा.

पुढच्या रमजानात आमचे पेपर दोन ते पाच या वेळेत ठेवले आहेत. पर्यवेक्षकांच्या सूचनापत्रात एक ओळ वाढवली आहे : पारदर्शक बाटलीतले पाणी प्रत्येक विद्यार्थ्याला बाकावर ठेवता येईल. तो विद्यार्थी आता शेवटच्या वर्षाला आहे. आज मी त्याला गाठून ती ओळ दाखवली आणि त्या दिवशी माझे चुकले हे सांगितले. त्याने कागद दोनदा वाचला आणि विचारले, “मॅडम, हे सगळ्यांसाठी आहे ना?” मी हो म्हणाले.